पैलतीरावरचे धर्मपुरुष

कुंतीने श्रीकृष्णापाशी सुख न मागता विपत्तीच मागितली, ही कथा आपण देवळाच्या सभामंडपात बसून कितीदा तरी ऐकली आहे. विपत्तीत देवाचे विस्मरण होत नाही, म्हणून ती हवी, असा तिचा युक्तिवाद. पुराणिकबुवा हा प्रसंग रंगवून सांगतात, श्रोते माना डोलावतात, आणि आरती आटोपून घरी जाताना प्रत्येक जण मनातल्या मनात देवाकडे सुखच मागतो. यात दांभिकपणा आहे असे मला वाटत नाही. विपत्ती मागून घेण्याचे बळ कुंतीपाशी होते. ते सामान्य माणसापाशी नसते. शिवाय अनुभव असा, की विपत्तीने सर्वांचीच श्रद्धा वाढत नाही. कोणाची ती आटते, कोणाची कडवट होते, कोणाची सूडाच्या कामी लागते. मग ज्यांची श्रद्धा संकटातून अधिक उजळ होऊन निघाली, त्यांच्या बाबतीत नेमके काय घडले, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

या प्रश्नाच्या नादाने गेली काही वर्षे माझे मन आपल्याच प्रांतातील ख्रिस्ती धर्मपुरुषांच्या चरित्रांकडे वळले आहे. पणजीच्या श्रीमहालक्ष्मीच्या देवळात नित्य जाणाऱ्या माणसाने पाद्र्यांची चरित्रे घेऊन बसावे, याचे वाचकांना नवल वाटेल. माझ्या आजीला तर वाटलेच असते. आमच्या घराण्याचे मूळ मांडवीच्या अलीकडचे. देव पलीकडे गेले, तेव्हा आमचे पूर्वजही गेले. आजी ही हकीकत एका वाक्यात सांगत असे: "देव व्हडयेंत बसून आयले, आमी फाटल्यान चलत आयले." तिच्या बोलण्यात द्वेष नसे, पण घडलेले विसरायचे नाही हा निश्चय मात्र असे. शंखवाळीचा श्रीलक्ष्मीनृसिंह १५६७ साली वेलिंगेला गेला, आमची महालक्ष्मी डिचोली महालातल्या मये गावी गेली आणि १८१८ साली पणजीत तिचे देऊळ उभे राहीपर्यंत या शहराला तिचे दर्शन दुर्लभ होते, या गोष्टी मी अक्षरओळख होण्यापूर्वी शिकलो. अशा घरात वाढलेल्याने पाद्र्यांच्या दुःखाची कथा सांगायची, म्हणजे प्रथम मनातल्या आजीची परवानगी घ्यावी लागते.

ती मी डिचोलीच्या वाटेवर घेतली असे म्हणायला हरकत नाही. गोकुळाष्टमीला नार्व्याच्या तीर्थावर स्नानाला जाण्याची आमच्या घरची रीत आहे. दिवाडी बेटावरून फेरीबोटीत बसावे, अन् पाण्याचा तो अरुंद पट्टा पार करून डिचोलीच्या बाजूला उतरावे. बेटावरच्या गावालाही नार्वे म्हणतात आणि पलीकडच्यालाही. कारण कदंबांचे कुलदैवत श्रीसप्तकोटेश्वर बेटावरून पलीकडे नेला, तेव्हा त्याच्याबरोबर गावाचे नावही गेले. शिवछत्रपतींनी १६६८ साली ज्या देवळाचा जीर्णोद्धार केला, ते हेच. वाचनात आलेल्या एका चरित्रामुळे अलीकडे फेरीतून उतरताना मला दुसऱ्याही एका प्रवाशाची आठवण होते. सप्तकोटेश्वरानंतर सुमारे शंभर वर्षांनी, याच दिवाडी बेटावर जन्मलेला एक माणूस, याच सत्तेच्या जाचाला कंटाळून, याच डिचोलीच्या आश्रयाला आला. तो ख्रिस्ती बिशप होता.

त्याचे नाव मातेउस द कास्त्रो. दिवाडीवरच्या नावेली गावच्या बाटलेल्या ब्राह्मण कुटुंबात सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्याचा जन्म झाला. बुद्धी तल्लख, अभ्यास उत्तम, धर्मगुरू होण्याची तळमळ खरी. परंतु गोव्यातील धर्मपीठावर बसलेल्यांच्या लेखी त्याचा एक दोष अक्षम्य होता. तो इथला होता. देवळे पाडताना ज्यांनी सांगितले, की या धर्मात या, येथे सर्व माणसे एकाच पित्याची लेकरे आहेत, त्यांनीच आत आलेल्या लेकराला उंबरठ्याजवळ बसवले. दीक्षा नाकारली गेली. मातेउस गप्प बसला नाही. खुष्कीच्या मार्गाने, इराण ओलांडून, तो १६२५ साली रोमला पोहोचला. तेथे १६२२ साली धर्मप्रसारासाठी स्थापन झालेल्या मंडळाने त्याला शिकवले, दीक्षा दिली. तो परत आला, तर गोव्यातील अधिकाऱ्यांनी त्याचे कागद मानले नाहीत. तो पुन्हा रोमला गेला. १६३७ साली त्याला बिशपपद मिळाले, आणि तरीही स्वतःच्या जन्मभूमीत त्याला अधिकाराने पाऊल टाकता येईना. तेव्हा पोर्तुगीज हद्दीबाहेर, आदिलशाही मुलखातील डिचोलीत त्याने ठाणे दिले, प्रार्थनामंदिर उभारले आणि देशी तरुणांना दीक्षा देण्यास आरंभ केला.

हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. आपल्या देवांना ज्या मातीने आसरा दिला, त्याच मातीने या बिशपालाही दिला, आणि दोघांनाही बेघर करणारी सत्ता एकच होती. आपण ज्याला ख्रिस्ती जुलूम म्हणतो, त्यातला ख्रिस्तीपणा किती आणि जुलूम किती, याची विभागणी मी तोवर कधी केली नव्हती. मातेउसच्या चरित्राने ती करणे भाग पाडले.

पण मातेउसचे पुढचे आयुष्य सुखाने वाचवत नाही. अपमान त्याच्या जिव्हारी लागला आणि तो तेथून कधी निघाला नाही. १६५३ साली त्याने ब्राह्मणांचा आरसा अशा अर्थाच्या नावाचे एक लिखाण केले, आणि गोव्यातील ख्रिस्ती ब्राह्मणांना पोर्तुगीजांविरुद्ध उठण्यास चिथावले. जेझुइटांशी त्याचे हाडवैर जडले. विजापूरच्या दरबारात त्याच्या मसलती चालतात, असा पोर्तुगीजांचा आरोप होता. त्याचा राग न्याय्य होता, याविषयी मला शंका नाही. आजच्या भाषेत आपण त्याला स्वाभिमानी देशभक्त म्हणू आणि ते चुकीचे ठरणार नाही. तथापि धर्मपुरुष म्हणून त्याच्याकडे पाहिले, तर एक हळहळ उरते. त्याच्या दुःखाने त्याला दुसऱ्याचे दुःख दाखवले नाही. दिवाडीवरून देव गेलेल्या माणसांची वेदना समजून घेण्यास त्याच्याइतका पात्र मनुष्य त्या काळात नव्हता. पण त्याचे भांडण आपल्या समाजाच्या मानासाठी होते, आणि त्या समाजाच्या कुंपणापलीकडे ते गेले नाही. आयुष्याच्या संध्याकाळी तो पुन्हा रोमला गेला आणि १६७७ साली तेथेच वारला.

त्याच १६७७ सालच्या ऑगस्टमध्ये शंखवाळीला एका तरुण पाद्र्याने एक विलक्षण दस्तऐवज लिहिला. आपण देवमातेचा कायमचा गुलाम झालो आहोत, असे त्याने कागदावर लिहून सही केली. गुलामांची खरेदी-विक्री उघड चालत असलेल्या गोव्यात 'गुलाम' हा काही अलंकारिक शब्द नव्हता. त्या पाद्र्याचे नाव जुझे वाझ. जन्म २१ एप्रिल १६५१, आजोळी बाणावलीस. घराणे शंखवाळीचे, तेही मूळचे ब्राह्मण. आपल्याला दास म्हणवून घेण्यात धन्यता मानणाऱ्या संतांची परंपरा ज्यांच्या घरात आहे, त्या वाचकांना या दस्तऐवजाचा भाव समजावून सांगायला नको. लक्ष्मीनृसिंह ज्या शंखवाळीहून गेला, तेथेच शंभरावर वर्षांनी हे दास्यपत्र लिहिले गेले. भूमीचा गुण म्हणावा, की रक्ताचा, की देव गेला तरी दास्यभाव मागे राहिला म्हणावे, हे मी वाचकांवर सोपवतो.

मातेउसला जे सोसावे लागले, त्यातून वाझही सुटले नव्हते. त्यांना दीक्षा मिळाली होती, पण देशी पाद्र्याला मानाची जागा मिळत नसे. १६८१ साली त्यांना कानड्यात पाठवण्यात आले. तेथे रोमचा पक्ष आणि पोर्तुगीजांचा पक्ष यांच्या भांडणात ख्रिस्ती रयत चिरडून निघत होती, आणि रोमच्या पक्षाचे बिशप होते मातेउसचेच एक आप्त, तोमास द कास्त्रो. एका घरच्या भांडणाचा वारसा असा दुसऱ्याच्या दारी आला. वाझांनी पक्षाभिमानाला हवा न देता दोन्ही बाजूंना सांधण्याचा यत्न केला. नंतर जुन्या गोव्यास परतून देशी पाद्र्यांच्या मंडळात ते दाखल झाले. मनात मात्र एकच ध्यास होता. सिंहलद्वीपात डच सत्तेने कॅथलिक पंथावर बंदी घातली होती. जाफना १६५८ साली डचांच्या हाती गेले, तेव्हापासून तेथील कॅथलिक धर्मगुरूवाचून होते. त्यांच्याकडे कोणी जायचे?

येथे प्रथमच चित्र उलटे झाले. ज्या धर्माच्या नावाने गोव्यात दुसऱ्यांची उपासना गुन्हा ठरली, त्याच धर्माची उपासना पलीकडे गुन्हा ठरली होती. १६८७ साली वाझ खऱ्याखुऱ्या गुलामाचा वेष करून, जुआंव नावाच्या एका सेवकाला बरोबर घेऊन, तुतिकोरीनहून समुद्र ओलांडून जाफन्याला उतरले. उतरले ते मरणाच्या दारातच. अतिसाराने शरीर खंगले होते, ओळख सांगण्याची सोय नव्हती. पुढे ते गळ्यात जपमाळ घालून दारोदार भीक मागत हिंडू लागले. माळ पाहून ज्याच्या डोळ्यांत ओळख उमटेल, तो आपला, एवढीच खूण. रात्री गुपचूप प्रार्थना होई, दिवसा पुन्हा भिकारी. तुळशीवृंदावन परसात लपवून ठेवणाऱ्या, तिन्हीसांजेचा दिवा दार लावून लावणाऱ्या पूर्वजांच्या कथा ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना हे चित्र अगदी ओळखीचे वाटेल.

१६९२ साली ते डोंगरातल्या कँडीच्या राज्यात गेले, तर पोर्तुगीजांचा हेर म्हणून तुरुंगात पडले. ज्यांच्या साम्राज्यात देशी पाद्री म्हणून दुय्यम ठरले, त्यांचाच हेर म्हणून कैद भोगण्याची पाळी आली. पण कँडीचा बौद्ध राजा दुसरा विमलधर्मसूर्य हा विचारी पुरुष होता. बंदिवान पाद्र्याचे वर्तन पाहून त्याने हळूहळू मोकळीक दिली आणि पुढे अभयही दिले. बुद्धाच्या राज्यात ख्रिस्ताच्या सेवकाला जे मिळाले, ते गोव्यात शिवाच्या सेवकाला मिळत नव्हते. येथे धर्मचौकशीचे न्यायासन १५६० सालापासून बसलेले होते. परधर्मी माणसाला मोकळेपणाने राहू देणे म्हणजे काय, हे एका गोमंतकीय ख्रिस्ती माणसाने परक्या बौद्धाच्या आश्रयाला राहून अनुभवले, हे आपण सर्वांनीच ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आणि मग १६९७ साली कँडीत देवीची साथ आली. राजा व दरबार शहर सोडून गेले. आपल्या माणसांनीच रोग्यांना रानात नेऊन टाकले. वाझ आणि त्यांचे सहकारी मागे राहिले. त्यांनी टाकून दिलेल्या रोग्यांना शोधून काढले, झोपड्या उभारल्या, पेज भरवली, जखमा धुतल्या, मेलेल्यांना पुरले. रोगी बौद्ध आहे की ख्रिस्ती, हे पाहिले नाही. वाझांच्या नावावर चमत्कारही सांगितले जातात. ज्यांना ते मानायचे त्यांनी मानावेत. मला या पेजेच्या वाटीपुढे चमत्काराची गरज वाटत नाही. जाफन्यात अतिसाराने स्वतः निराधार पडलेल्या माणसाला, निराधार पडणे म्हणजे काय हे ठाऊक होते. त्याची विपत्ती त्याच्या कामी आली, ती अशी. चोवीस वर्षे त्या बेटावर पायी हिंडून, मोठ्या पदाची गोष्ट निघाली तेव्हा ती नाकारून, १६ जानेवारी १७११ रोजी कँडीत त्यांनी देह ठेवला. गोव्याला ते परत आलेच नाहीत. त्यांच्यामागून गेलेल्यांपैकी जाकोम गोन्साल्विस यांनी सिंहली भाषेत ग्रंथरचना करून तेथील ख्रिस्ती वाङ्मयाचा पाया घातला. तेही पुन्हा दिवाडीचेच.

मी हे भारावून लिहीत असलो, तरी डोळे मिटून लिहीत नाही. वाझ हे धर्मप्रसारक होते. माणसे ख्रिस्ती व्हावीत हीच त्यांची इच्छा होती, आणि ती आपल्याला मान्य होणे शक्य नाही. त्यांच्या मंडळात प्रवेश मिळे तो ब्राह्मण कुळातून आलेल्यांनाच. गोऱ्यांनी आपल्याला दाराबाहेर ठेवले याची सल असलेल्या माणसांनी आपल्या दाराशीही तसाच पहारा बसवला होता. एवढ्या अग्निदिव्यातून निघालेले सोनेही शंभर नंबरी नव्हते. परंतु सोने नव्हते असे मात्र त्यावरून म्हणता येणार नाही. देशी पाद्र्यांवरील अन्याय तर चालूच राहिला, आणि त्याच असंतोषातून १७८७ साली पिंटोंच्या कटात कित्येक पाद्री पकडले गेले. काहींनी लिस्बनच्या कोठड्यांत वर्षेच्या वर्षे काढली.

आपल्या बाजूचाही हिशेब येथेच मांडला पाहिजे. ख्रिस्ती धर्मपुरुषांना संकटात लोटणारे नेहमी पोर्तुगीज किंवा डचच होते असे नाही. कधी आपण स्वतः होतो. पंडिता रमाबाईंनी १८७०च्या दशकातील दुष्काळात आईवडील आणि मोठी बहीण उपासमारीने गमावली. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगत तीर्थोतीर्थी हिंडणारे विद्वान ब्राह्मण होते. म्हणजे आपण ज्या देवळांच्या सभामंडपात बसून कुंतीची कथा ऐकतो, तशाच देवळांच्या पायऱ्यांवर हे कुटुंब उपाशी होते. पुढे भाऊ गेला, १८८२ साली पती गेले, १८८३ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि समाजाचा रोष ओढवून घेतला. पण १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात हिंडून त्यांनी भुकेल्या मुली गोळा केल्या आणि केडगावी त्यांना घर दिले. ज्या भुकेने आपले माहेर गिळले, तिची ओळख त्या विसरल्या नव्हत्या. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली धर्मांतर केले, तेव्हा पत्नीपासून पाच वर्षे ताटातूट झाली. लक्ष्मीबाईंनी स्मृतिचित्रांत ती वर्षे ज्या निर्मळ, हसऱ्या भाषेत सांगितली आहेत, तीत कटुतेचा थेंबही नाही; वाचणाऱ्याचे डोळे मात्र भरून येतात. टिळकांनी ख्रिस्त गायला तो तुकोबांच्या अभंगाच्या घाटात. बहिष्कार घालणाऱ्यांची भाषा त्यांनी सोडली नाही, उलट तीच देवापुढे ठेवली.

या सर्व चरित्रांवरून मला जे उमगले, ते थोडक्यात असे. दुःख माणसाला आपोआप थोर करीत नाही. ते एक दार आहे. ते आत उघडते आणि बाहेरही. आत उघडले, तर माणूस आपल्याच जखमेजवळ जन्मभर बसून राहतो. जखम खरी असते, गाऱ्हाणे रास्त असते, तरी तो तेथेच बसून राहतो. बाहेर उघडले, तर पलीकडच्या अंगणात आपल्यासारखाच कोणी कण्हत आहे हे त्याला दिसते, आणि त्याच्यापर्यंत जाण्यासाठी जे बळ लागते, तेच श्रद्धा म्हणून त्याच्यात वाढू लागते. कुंतीला विपत्तीत कृष्णाचे दर्शन हवे होते. वाझांना ते देवीच्या रोग्यात झाले, रमाबाईंना भुकेल्या पोरीत. नाव त्यांनी वेगळे घेतले असेल.

दुसरी गोष्ट सत्तेची. ज्या काळात ख्रिस्ती धर्म गोव्यात तलवारीच्या पाठबळावर उभा होता, त्या काळातली त्याच्या सत्ताधाऱ्यांची नावे आज कोणाला प्रिय नाहीत, ख्रिस्ती माणसालाही नाहीत. प्रिय राहिले ते नाव गुलामाच्या वेषात गेलेल्याचे. पोप फ्रान्सिस यांनी १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबोला जुझे वाझ यांना संतपद दिले. संक्रांतीचे दिवस होते; मी तिळगूळ घेऊन शेजारच्या वृद्ध ख्रिस्ती बाईंकडे गेलो आणि त्यांचे अभिनंदन केले. त्या हसून म्हणाल्या, "आमी ताका सांत जावचे आदींच सांत म्हणटाले." सत्तेने दिलेल्या पदव्यांची मातब्बरी लोकांच्या लेखी किती असते, ते त्या एका वाक्यात आले.

हा धडा केवळ ख्रिस्ती बांधवांसाठी आहे असे समजण्याचे कारण नाही. आपलीही श्रद्धा एके काळी होडीत बसून अंधारात नदी ओलांडून गेली आणि म्हणून टिकली. आज आपल्या देवळांना कळस आहेत, पालख्यांपुढे वाद्ये आहेत, उत्सवाला गर्दी आहे, आणि कोणाला भिण्याचे कारण उरलेले नाही. अशा दिवसांत पूर्वजांच्या जखमेचे आपण काय करणार, हा प्रश्न मला पडतो. ती विसरावी असे मी म्हणणार नाही. आजीचे ते वाक्य मी माझ्या नातवंडांना सांगतोच. पण त्याच्या पुढे मी आता आणखी एक वाक्य जोडतो: ज्या काठावर आपले देव उतरले, त्या काठाने मागाहून आलेल्या पाद्र्यालाही ओल्या पायांनी वर येऊ दिले होते. सप्तकोटेश्वराच्या नार्व्याला जाणाऱ्याने त्या काठाचा हा गुणही थोडा आपल्याबरोबर घरी आणावा.